परसातला टाकळा, जो टाकळा नव्हता: आयनॅचरलिस्ट वापरून पाहिलं त्याबद्दल

फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर एवढं लांबलचक कुणी लिहीत नाही. पण आयनॅचरलिस्टबद्दल, म्हणजे झाडं-प्राणी ओळखायला मदत करणाऱ्या ॲपबद्दल, मराठीत मला जे वाचायला मिळालं ते सगळं 'फोटो काढा, नाव मिळवा' या थाटाचं होतं. ते तसं चालत नाही, आणि चालत नाही हेच त्यातलं चांगलं आहे, म्हणून लिहितो.

मी वाईला राहतो, तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. घरामागे लहानसं परस आहे. एक आंबा, कढीपत्ता, मोरीच्या पाण्यावर अळू, आणि उरलेल्या जागेत हंगामाप्रमाणे मिरची-वांगी. मागच्या उन्हाळ्यात जमीन खचली होती तिथे बाहेरून लाल माती आणि शेणखत आणून टाकलं. पाऊस पडला आणि भिंतीच्या कडेने हिरवा पट्टा उगवला. संयुक्त पान, म्हणजे एका दांड्यावर जोडीजोडीने लहान पानं, त्या पर्णिका गोलसर, संध्याकाळी मिटणाऱ्या. बघणारा कोणीही टाकळाच म्हणेल.

आमच्या मंडळींचं माहेर महाडकडचं. टाकळ्याचा कोवळा पाला, लसूण, फणसाच्या आठळ्या आणि वरून खोबरं, ही भाजी त्यांच्याकडे पावसाळ्यात होणारच. त्या पाटी घेऊन खुडायला गेल्या आणि रिकामी पाटी घेऊन परत आल्या. "याला लव आहे. हा आपला टाकळा नव्हे," एवढंच म्हणाल्या. मी जाऊन पाहिलं, तर देठांवर आणि कोवळ्या पानांवर तांबूस-सोनेरी केस होते. काय आहे ते त्यांना सांगता येईना, काय नाही ते मात्र त्यांनी हाताने चाचपून ठरवलं होतं. पुढचं सगळं या एका वाक्याची शहानिशा आहे असं समजा.

आधी एक पैसे घेणारं ॲप लावून पाहिलं. नाव लिहीत नाही. पहिले काही दिवस फुकट, नंतर वर्षाचे पैसे आपोआप कापणार, अशी त्याची रीत. रोप लहान असताना त्याने 'भुईमूग' सांगितलं. सांगितलं ते सांगितलं, वर 'तुमच्या भुईमुगाला नत्राची कमतरता दिसते' म्हणून औषधपाण्याचं वेळापत्रकही दिलं. तणाला खत घालायला सांगणारा सल्लागार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. थोड्या दिवसांनी रोप मोठं झाल्यावर पुन्हा फोटो दिला, तर अगदी ठाम 'टाकळा'. शंका, पर्याय काही नाही. खाली 'खाण्यायोग्य' अशी हिरवी खूण. ते ॲप त्याच दिवशी काढून टाकलं. चूक कुणाचीही होते, पण पानाच्या एका फोटोवरून खाण्यायोग्य असा शिक्का मारणं हा धंदा नव्हे.

भाचा साताऱ्याला वनस्पतिशास्त्र शिकतो. त्याने आयनॅचरलिस्ट फोनवर घालून दिलं. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून हे सुरू झालं. आता ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. जाहिराती नाहीत, पैसे नाहीत. खातं मात्र उघडावं लागतं.

पद्धत अशी. तुम्ही फोटो चढवता, जागा आणि तारीख फोनच भरतो. मग यंत्र नावं सुचवतं, आणि त्यातली कोणती तुमच्या परिसरात अपेक्षित आहेत तेही दाखवतं. आमच्या रोपाबद्दल त्याने ठामपणे सांगितलं ते फक्त प्रजातीच्या वरच्या पातळीवर, म्हणजे 'सेना' या कुळशाखेपर्यंत. टाकळा, तरवड आणि त्यांचे भाऊबंद ज्या गोतावळ्यात येतात तिथपर्यंत. खाली चार-पाच संभाव्य नावं, त्यात टाकळाही होता. भाच्याने सांगितलं होतं, खात्री नसेल तर वरच्या पातळीचं नाव द्या आणि थांबा. मी 'सेना' एवढंच नोंदवलं.

इथून पुढचा भाग मला फार ओळखीचा वाटला. फेरफार नोंद घालतात तशीच ही नोंद आहे. तलाठी नोंद घालतो, नोटीस निघते, हरकतीला मुदत असते, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याशिवाय ती पक्की होत नाही. इथेही तुमची नोंद सगळ्यांसमोर उघडी पडते. ज्याला त्या वनस्पतीतलं कळतं तो येऊन सहमती देतो किंवा वेगळं नाव सुचवतो. ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त लोक एका प्रजातीवर एकमत झाले, शिवाय फोटो, तारीख, जागा असेल आणि वनस्पती लावलेली नसून आपोआप उगवलेली असेल, तर नोंदीला 'संशोधन दर्जा' मिळतो. किमान दोघांची ओळख जुळावी लागते, एकट्याच्या शब्दावर काही होत नाही. फरक एवढाच की इथे मंडळ अधिकारी कोणी एक नाही, आणि चहाही पाजावा लागत नाही.

आमच्या नोंदीवर काही दिवस काहीच हललं नाही. मग कुणीतरी इंग्रजीत विचारलं: पर्णिकांच्या जोड्यांमध्ये ग्रंथी कुठे कुठे आहेत त्याचा जवळून फोटो, आणि शेंग धरली असेल तर शेंगेचा फोटो मिळेल का? हा प्रश्न वाचून मला बरं वाटलं. पैसे घेणाऱ्याने एकही प्रश्न विचारला नव्हता.

ग्रंथी म्हणजे पानाच्या मधल्या दांड्यावर, समोरासमोरच्या दोन पर्णिकांच्या मध्ये असलेला बारीक उंचवटा, टाचणीच्या टोकासारखा. नुसत्या डोळ्यांना दिसतो, फोनच्या कॅमेऱ्याला मात्र चुकतो. पानामागे काळी पाटी धरली, उन्हाकडे पाठ केली, फोकससाठी पडद्यावर नेमकं तिथेच बोट ठेवलं, तेव्हा जमलं. आमच्या रोपाला ग्रंथी खालच्या एक-दोन जोड्यांपुरत्या नव्हत्या, वरपर्यंत होत्या. आणि पर्णिकांच्या जोड्या काही पानांना तीन तर काहींना चार-पाच. टाकळ्याला बहुधा तीनच जोड्या असतात आणि ग्रंथी फक्त खालच्या जोड्यांमध्ये.

शेंगेने प्रश्न निकालात काढला. टाकळ्याची शेंग लांब, बारीक, कोयत्यासारखी किंचित वाकडी, बोटाहून लांब. आमच्या रोपाला पानाच्या बगलेत आखूड, सरळ, केसाळ शेंगांचे गुच्छ धरले होते, जेमतेम दोन-तीन पेरांएवढे, आणि आतल्या प्रत्येक बीमागे शेंगेला आडव्या खाचा. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढले. त्यानंतर त्याच माणसाने नाव दिलं, सेना युनिफ्लोरा. पुढे दुसऱ्या कुणीतरी, बहुधा हैदराबादकडचा असावा, सहमती दिली. नोंदीवर संशोधन दर्जाचा हिरवा शिक्का लागला, आणि नावाशेजारी ही वनस्पती इथली मूळची नाही हे सांगणारी गुलाबी खूण.

खूण बघितल्यावर माहिती काढली. हे झाड मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिका आणि त्याच्या दक्षिणेकडचं. आपल्याकडे दख्खनच्या कोरड्या भागात रस्त्याकडेला, पडीक जमिनीवर ते आता सर्रास दिसतं. एकदा ओळखल्यावर मला वाई-सातारा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ते दिसायला लागलं, इतकी वर्षं टाकळा समजून मी शेजारून जात होतो.

त्याचा इतिहास गाजरगवताशी जोडलेला आहे. गाजरगवत पुण्यात १९५५ च्या सुमारास उकिरड्यांवर दिसलं आणि आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. नंतर ते देशभर पसरलं, त्याने हाताला खाज, अंगावर पुरळ, दमा असे त्रास दिले, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळुरात सोडला. त्याच काळात कर्नाटकात दुसरा प्रयोग झाला: गाजरगवताच्या जागेवर सेना युनिफ्लोराचं बी फेकायचं. हे झाड दाट वाढतं आणि गाजरगवताला उठू देत नाही. आपल्याकडेही गाजरगवताच्या जागी टाकळ्या-तरोट्याचं बी टाकण्याचा सल्ला शेतीच्या पुस्तिकांत असतो. म्हणजे एका परदेशी तणावर उतारा म्हणून दुसरं परदेशी तण. उतारा लागू पडला, पण रुग्ण कोण आणि औषध कोण हे आता सांगता येत नाही. भारतातल्या आक्रमक परदेशी वनस्पतींच्या याद्यांत सेना युनिफ्लोराचं नाव येतं. त्यातल्या काही याद्यांत टाकळ्यालाही परदेशी ठरवलंय. हे मी घरी सांगितलं तेव्हा, "मग चार पिढ्या आम्ही काय परदेशी भाजी खाल्ली?" असा प्रश्न आला. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मिरची, बटाटाही तिकडचेच आहेत, हे सांगून मी वेळ मारून नेली.

आता ॲपचे दोष, जे वापरणाऱ्याला आधीच माहीत असावेत.

सगळ्यात महत्त्वाचं जागेचं. नोंद केलीत की नकाशावर तुमच्या घराचा ठिपका पडतो, आणि तो सगळ्या जगाला दिसतो. घरच्या बागेतल्या नोंदींसाठी 'जागा झाकलेली' हा पर्याय आधी निवडा. मग ठिपका सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी दाखवला जातो, तालुका कळतो, दार कळत नाही. धोक्यात असलेल्या प्रजातींची जागा ते आपणहून झाकतं, कारण कंदीलपुष्पासारख्या वनस्पती उपटून नेणारे लोक आहेत. परसातल्या माणसांसाठी मात्र ही काळजी आपली आपण घ्यायची. ज्येष्ठ माणसं एकटी राहतात त्या घरांत हे फार मनावर घ्यावं.

दुसरं, लावलेली झाडं. तुम्ही लावलेला जास्वंद, मोगरा नोंदवलात तर 'लागवड केलेली' अशी खूण करायची असते. न केल्यास कोणी तरी करतं, आणि ती नोंद संशोधन दर्जाला जात नाही. मला हे नियम पटतात. बागेत स्वतःहून उगवलेलं तण मात्र रानटीच धरलं जातं, ते कुंडीत उगवलं असलं तरी. त्यामुळे हे ॲप बागेतल्या लाडक्या झाडांपेक्षा बागेतल्या घुसखोरांसाठी जास्त कामाचं आहे. शोभेच्या झाडाच्या जातीचं नाव हवं असेल तर नर्सरीवाल्याला विचारा.

तिसरं, वाट. गवत, नेचे, फूल न आलेली रोपं यांच्या नोंदी महिनोन्‌महिने तशाच पडून राहू शकतात. ओळख सांगणारे बिनपगारी आहेत, आपल्या वेळेने येतात. आज संध्याकाळपर्यंत उपटायचं की ठेवायचं ठरवायचं असेल तर यावर विसंबू नका.

भाषा इंग्रजीच जास्त. चर्चा इंग्रजीत, प्रश्न इंग्रजीत. पुष्कळ वनस्पतींना मराठी नावं जोडलेली नाहीत, आणि जी आहेत ती कुठल्या जिल्ह्यातली हे कळत नाही. विदर्भातला माणूस तरोटा शोधेल, रायगडचा टाकळा. वापरणाऱ्यांना नावं जोडता येतात. मी भाच्याच्या मदतीने थोडी जोडली. ज्यांना आपल्या गावाकडची नावं माहीत आहेत त्यांनी हे काम करावं, त्याला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि शेवटचा, पण दोष म्हणावा की नाही असा मुद्दा: हे ॲप खायचं का नाही ते सांगत नाही. सांगू नयेच. रानभाजी ओळखायला फोन वापरणाऱ्या तरुण मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, ज्यांनी ती भाजी हाताने खुडली आणि शिजवली आहे अशा माणसाला दाखवल्याशिवाय कढईत टाकू नका.

प्लांटनेटही वापरून पाहिलं. ते फ्रान्समधल्या संशोधन संस्थांचं आहे, तेही फुकट. त्याची एक गोष्ट मला आयनॅचरलिस्टपेक्षा आवडली: फोटो पानाचा आहे, फुलाचा, फळाचा की सालीचा ते विचारतं, आणि उत्तरात प्रत्येक नावापुढे किती टक्के खात्री ते दाखवतं. शेंगेचा फोटो दिल्यावर त्यानेही सेना युनिफ्लोरा वरच्या क्रमांकावर आणलं. झटपट पहिला अंदाज हवा तर ते चांगलं. पण तुमच्या रोपाबद्दल उलट प्रश्न विचारणारा माणूस मला भेटला तो आयनॅचरलिस्टवर, आणि माझा सगळा भर त्या माणसावर आहे. लहान मुलांसाठी याच संस्थेचं 'सीक' नावाचं ॲप आहे, त्यात खातं उघडावं लागत नाही आणि फोटो जगजाहीर होत नाहीत. नातवंडांच्या हातात तेच द्या.

ज्यांना वनस्पतीच्या ओळखीचा कागदी दाखला हवा, म्हणजे विद्यार्थी, आयुर्वेदिक औषधं करणारे, त्यांनी पुण्याला जावं. आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, दोन्हीकडे वाळवलेल्या नमुन्यांचे संग्रह आहेत आणि त्यांच्याशी ताडून ओळख करून देतात. परसातल्या तणासाठी मला तिथवर जायची गरज वाटली नाही.

फोटोंबद्दल दोन शब्द, कारण सगळं तिथेच घडतं किंवा बिघडतं. एकच सुंदर फोटो काही कामाचा नाही. अख्खं रोप जमिनीसकट, पान वरून, पान खालून, पान खोडाला जोडतं ती जागा, फूल समोरून आणि बाजूने, फळ किंवा शेंग पट्टीजवळ. सगळे फोटो एकाच रोपाचे, एकाच नोंदीत. शेजारच्या रोपाचं पान त्यात घुसलं तर ओळखणारा गोंधळतो, आणि तण कधी एकटं उगवत नाही. आमच्या पट्ट्यात एकदांडी आणि गाजरगवत दोन्ही मिसळलेली होती. एकदांडीही मध्य अमेरिकेतली, पण जखमेवर तिचा रस लावणारी माणसं मी लहानपणापासून पाहतो आहे, तिला परकी म्हणायला जीभ रेटत नाही.

ओळख पटल्यावर उपटणं अवघड गेलं नाही. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना मुळासकट निघतं. शेंग वाळून फुटायच्या आत काढायचं, एवढं पाळलं. शेंगा धरलेली रोपं खतखड्ड्यात टाकली नाहीत. या घराण्यातलं बी टणक कवचाचं, वर्षानुवर्षं मातीत थांबून राहणारं. शेंगा वेगळ्या खुडून पोत्यात भरल्या आणि वाळल्यावर चुलीत घातल्या. उरलेला पाला खड्ड्यात गेला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवणार हे नक्की, पण आता ते चार पानांवर असतानाच लव बघून ओळखता येतं. आणि बाहेरची माती आणायची झाली, तर आधी एका कोपऱ्यात ढीग करून पाणी मारायचं, काय काय उगवतं ते बघून मगच पसरायची, असं घरात ठरलंय.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो जागा झाकण्याचा पर्याय घरच्या नोंदींसाठी आपणहून चालू नसतो म्हणून.

सध्या आमची आणखी एक नोंद अडकलेली आहे. नळाच्या कोपऱ्यात एक वेल आली आहे, पानं हृदयाकृती, फूल नाही. यंत्राने कुळापर्यंत सांगितलं आणि एकाने लिहिलं, फूल येईपर्यंत थांबा. घरून हुकूम आहे की उपटा. तडजोड म्हणून वेलीचा एक तुकडा कुंडीत लावून गच्चीवर ठेवलाय, बाकी सगळी काढली.